एकशे पंच्याहत्तर

१० जून २०२२ रोजी पिंपरी-चिंचवडहून एक रुग्णवाहिका मुंबईकडे निघाली. आत चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप होते. दुखणे मोठे होते आणि प्रवास सोसेल की नाही याची घरच्यांना धास्ती होती. पण त्या दिवशी विधान भवनात राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान होते आणि रिंगणात उमेदवार सात होते. पुण्यातल्या कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक याही तशाच आजारपणातून उठून मुंबईला गेल्या. मध्यरात्र उलटल्यावर निकाल लागला. भाजपचे तिसरे उमेदवार धनंजय महाडिक निवडून आले, शिवसेनेचे संजय पवार पडले. देवेंद्र फडणवीसांनी तो विजय या दोन आमदारांना अर्पण केला. पुढच्या सात महिन्यांत दोघेही हे जग सोडून गेले.

एका मतासाठी एवढा आटापिटा कशाला, असे चिंचवडच्या एखाद्या मतदाराच्या मनात आले असेल तर नवल नाही. त्याच्या मतदारसंघात साडेपाच लाखांहून अधिक नावे आहेत. मतदानाच्या दिवशी त्याला ताप आला आणि तो घरी पडून राहिला, तर निकालाच्या आकड्यावर साधा ओरखडाही उठत नाही. पण यादीत जेव्हा तीनशेच्याही आत नावे असतात, तेव्हा एकेक नाव शोधून, गाडीत घालून, प्रसंगी स्ट्रेचरवरून मतपेटीपर्यंत न्यावे लागते. मतदार थोडे झाले की मत महाग होते. अप्रत्यक्ष निवडणुकीचा पहिला धडा एवढाच.

त्या रुग्णवाहिकेनंतर अडतीस दिवसांनी, १८ जुलैला, त्याच विधान भवनात आणखी एक मतदान झाले, राष्ट्रपतिपदाचे. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताची किंमत तिथे एक नव्हती. ती होती १७५.

हा आकडा आला कुठून, हे सांगण्याआधी थोडे घराजवळ पाहायला हवे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातल्या माणसाला अप्रत्यक्ष निवडणूक नवी नाही. ती त्याच्या अंगणातच चालते. महापालिकेत १२८ नगरसेवक. लोक त्यांना निवडतात आणि ते महापौराला निवडतात. पद अडीच वर्षांचे, त्याचे आरक्षण सोडतीने ठरते. मतदान विशेष सभेत हात वर करून होते, त्यामुळे कोणी कोणाला मत दिले हे सगळ्या सभागृहाला दिसते. पक्षाचा व्हीप मोडला तर नगरसेवकपद जाण्याची टांगती तलवार असते ती वेगळीच. ऑगस्ट २०१८मध्ये राहुल जाधव महापौर झाले. कधीकाळी रिक्षा चालवणारा माणूस शहराचा प्रथम नागरिक झाला म्हणून त्याची बातमी देशभर गेली. चिखली-जाधववाडीच्या मतदारांनी त्यांना नगरसेवक केले होते. महापौरपदासाठी मात्र शहरातल्या एकाही सामान्य मतदाराने त्यांना मत दिले नव्हते. तशी सोयच नाही.

या रचनेची दुसरी बाजू मार्च २०२२नंतर दिसली. महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि प्रशासक आला. नगरसेवकच नाहीत, तर महापौर निवडणार कोण? महापौराची खुर्ची वर्षांनुवर्षे रिकामी राहिली. अप्रत्यक्ष निवडलेले पद खालच्या मजल्यावर उभे असते. तो मजला काढला की वरचा आपोआप नाहीसा होतो.

चाकणला निराळाच न्याय. २०१५मध्ये चाकणची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, तेव्हा नगराध्यक्ष नगरसेवकांतून निवडला जाई. २०१६मध्ये कायदा बदलला आणि तो थेट जनतेतून निवडायचे ठरले. २०२०मध्ये नव्या सरकारने ते रद्द केले. २०२२मध्ये त्यानंतरच्या सरकारने पुन्हा थेट निवडणूक आणली. सरपंचांचेही तेच झाले. प्रत्येक वेळी विधिमंडळात लोकशाहीच्या गप्पा झाल्या, पण आपल्या पक्षाला शहरात सोपे काय पडते हाच हिशेब मुख्य होता, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. परिणाम असा की भोसरीच्या माणसाला आपला महापौर निवडता येत नाही आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या चाकणच्या माणसाला नगराध्यक्ष निवडता येतो. मधे फक्त इंद्रायणी वाहते.

राष्ट्रपतीची निवडणूक मात्र १९५२पासून एकाच पद्धतीने होत आली आहे. राज्यघटनेच्या ५४व्या कलमात मतदार कोण ते सांगितले आहे आणि ५५व्यात मत मोजायचे कसे ते. मतदार म्हणजे लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार, आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार. दिल्ली आणि पुदुच्चेरीचे आमदार १९९२च्या घटनादुरुस्तीने यात आले. राष्ट्रपतीने नेमलेल्या सदस्यांना मत नाही. विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही. गावाकडे ‘आमदारसाहेब’ म्हणून मान मिळत असला, तरी त्या दिवशी त्यांना बाहेरच बसावे लागते. २०२२मध्ये देशभरात असे मतदार ४,८०९ होते, ७७६ खासदार आणि ४,०३३ आमदार. चिंचवडच्या यादीतल्या एखाद्या कोपऱ्यात मावतील एवढे.

आता १७५ची गोष्ट. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येने भागायचे, मग हजाराने भागायचे. बाकी पाचशे किंवा त्याहून जास्त उरली तर एक वाढवायचा, कमी उरली तर सोडून द्यायची. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ने भागले की १,७५,०४२ येतात. हजाराने भागले की १७५, बाकी ४२. बाकी सुटली.

इथे चाणाक्ष वाचक अडखळेल. महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी? ती तर २०११लाच सव्वाअकरा कोटींच्या घरात गेली होती.

बरोबर आहे. हा आकडा १९७१चा आहे.

१९७१ साली पिंपरी-चिंचवड नगरपालिकेला जेमतेम एक वर्ष झाले होते. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना होता, टेल्को उभी राहत होती, आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनत होत्या आणि आसपास ज्वारी-बाजरीची शेते होती. नगरपालिकेतल्या गावांची मिळून वस्ती एक लाखाच्या आत. चाकण म्हटले की लोकांना कांद्याचा बाजार आठवे, फार तर फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेला संग्रामदुर्ग. २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत १७ लाख २७ हजार माणसे मोजली गेली. म्हणजे आज जे शहर आहे ते जवळपास सगळे राष्ट्रपतिनिवडणुकीच्या हिशेबाबाहेर वाढले.

लोकसंख्येचे हे घड्याळ थांबवले ते आणीबाणीत. १९७६ची ४२वी घटनादुरुस्ती. कुटुंबनियोजनाची मोहीम जोरात होती आणि दक्षिणेतल्या राज्यांनी ती मनावर घेतली होती. ज्यांनी जन्मदर खाली आणला त्यांचे राजकीय वजन कमी व्हावे आणि ज्यांनी काहीच केले नाही त्यांचे वाढावे, हे विपरीत ठरले असते. म्हणून २००० सालापर्यंत १९७१चीच लोकसंख्या धरायची असे ठरले. २००१च्या ८४व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलली.

घड्याळ थांबवल्याने नक्की काय झाले ते शेजारी पाहिले की कळते. तमिळनाडूच्या आमदाराच्या मताची किंमत आज १७६ आहे, महाराष्ट्राच्या आमदारापेक्षा एकने जास्त. २०११ची लोकसंख्या धरून हाच भागाकार केला, तर तमिळनाडूचे ३०८ होतात आणि महाराष्ट्राचे ३९०. केरळ १५२वरून २३९वर जातो आणि उत्तर प्रदेश २०८वरून थेट ४९६वर. महाराष्ट्राची ही वाढ केवळ पाळण्यांतून आलेली नाही. रेल्वेच्या जनरल डब्यातून आणि एसटीच्या टपावर ट्रंका टाकून आलेली माणसेही तिच्यात आहेत, आणि ती उतरली त्या जागांपैकी पिंपरी, भोसरी आणि चाकण या मोठ्या जागा.

चाकणच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा बिहारचा पंचविशीतला तरुण घ्या. त्याने नाव इथल्या यादीत नोंदवले आहे, आमदार इथला निवडला आहे. १९७१मध्ये त्याचा बापही जन्मला नसेल. मोजले गेले ते आजोबा, आणि तेही बिहारच्या गावात. त्यांची गणती तिथल्या आमदाराच्या १७३मध्ये बसली आहे. नातू इथे मत देतो आणि वजन तिकडे पडते. लातूर-परभणीहून आलेल्याचे जरा बरे, त्याचे आजोबा निदान महाराष्ट्राच्या पाच कोटींत तरी आहेत.

आणखी एक गंमत. १७५ ही किंमत राज्यभर सारखीच असते, मतदारसंघ लहान असो की मोठा. मुंबईत वडाळ्यासारख्या मतदारसंघात मतदार दोन लाखांच्या आसपास आहेत. तिथल्या आमदाराचे १७५ आणि चिंचवडच्या आमदाराचेही १७५. तरी आता परिस्थिती पुष्कळ सुधारली म्हणायची. २००९च्या आधी पिंपरी, चिंचवड, भोसरी असे मतदारसंघच नव्हते. शहराचा मोठा भाग हवेली नावाच्या अवाढव्य मतदारसंघात मोडत होता. फेररचनेनंतर शहराला तीन आमदार मिळाले. तीन गुणिले १७५, म्हणजे ५२५.

हे थोडे वाटत असेल तर अरुणाचल प्रदेशाचे सगळे साठ आमदार एकत्र करा. प्रत्येकाचे मत ८ किमतीचे, एकूण ४८०. शहराचे तीन आमदार त्यांना मागे टाकतात. खेड-आळंदी आणि मावळ हे औद्योगिक पट्ट्यातले उरलेले दोन मतदारसंघ धरले, तर पाच आमदारांचे ८७५ होतात. गोव्याचे चाळीस आमदार, प्रत्येकी २०, मिळून ८००. म्हणजे तळेगाव, चाकण, आळंदी, भोसरी, पिंपरी आणि चिंचवड इथून निघालेल्या पाच गाड्या पणजीच्या अख्ख्या विधानसभेला भारी पडतात. खासदारांचे वजन आणखी निराळे. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज खासदारांच्या संख्येने भागायची, की एका खासदाराची किंमत निघते. केंद्र आणि राज्ये यांचे पारडे समान राहावे म्हणून. २०१७ला ती ७०८ होती. २०२२ला जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्याने बेरीज घटली आणि किंमत ७०० झाली. मावळचे श्रीरंग बारणे आणि शिरूरचे अमोल कोल्हे यांच्या मतदारसंघांत हा सगळा पट्टा विभागला आहे. त्या दोघांचे १,४०० आणि पाच आमदारांचे ८७५ मिळून २,२७५. देशाची एकूण बेरीज होती १०,८६,४३१. हजारात दोन.

मतदानाचा सोहळा दिसायला साधा असतो. यंत्र नाही, चिन्हे नाहीत, प्रचारफेऱ्या नाहीत. खासदारांना हिरवी मतपत्रिका मिळते, आमदारांना गुलाबी. खिशातले पेन वापरायचे नाही; निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या खास पेनानेच आकडा लिहायचा. २०१६मध्ये हरियाणात राज्यसभेच्या निवडणुकीत भलत्या शाईमुळे मते बाद होऊन मोठा गदारोळ झाला, त्यानंतरची ही दक्षता. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीक्रम लिहायचा, १, २, ३ असा. आकडा देवनागरीत चालतो, रोमनमध्येही चालतो, पण ‘एक’ असे अक्षरात लिहिले की मत बाद. पहिली पसंती लिहिलीच पाहिजे, पुढच्या लिहिणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

मतपेटी मग दिल्लीला जाते, तीही विमानाने, आणि विमानात सामानाच्या डब्यात नव्हे. २०२२मध्ये आयोगाने प्रत्येक पेटीसाठी ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाने जाण्या-येण्याचे तिकीट काढले होते. पुढच्या रांगेतल्या आसनावर पेटी आणि शेजारी तिच्यावर डोळा ठेवणारा अधिकारी. तीनशे चाळीस खोल्यांच्या राष्ट्रपती भवनात राहायला कोण जाणार हे ठरवणारी पेटी, एका आसनापुरती जागा घेऊन.

महापौराच्या निवडणुकीपेक्षा इथे एक मोठा फरक आहे. मतदान गुप्त असते आणि पक्षाचा व्हीप लागू होत नाही. राज्यसभेला आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. इथे दाखवली तर मतदानाची गुप्तता मोडते. म्हणून दर वेळी निकालानंतर कोणाची किती मते फुटली याची खमंग चर्चा रंगते आणि फोडणारा कोण हे कधीच कळत नाही. २००७मध्ये तर फूट उघड जाहीर झाली. काँग्रेस आघाडीने जळगावच्या प्रतिभा पाटील यांना उमेदवारी दिली. शिवसेना तेव्हा समोरच्या, भैरोसिंह शेखावतांच्या आघाडीत होती. बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी उमेदवार म्हणून पाटील यांना पाठिंबा दिला आणि आघाडीधर्म बाजूला ठेवला. पाटील ६,३८,११६ मतांनी निवडून आल्या, शेखावतांना ३,३१,३०६ मिळाली. एवढ्या फरकात शिवसेनेची मते नसती तरी निकाल बदलला नसता, पण राष्ट्रपतिपदावर बसलेली पहिली स्त्री आणि पहिली मराठी व्यक्ती यांच्या विजयात आपलाही हात असावा, हा मोह समजण्यासारखा आहे.

२०२२ला शिवसेनेतच दोन तट पडून महिनाही झाला नव्हता, तरी दोन्ही तटांनी द्रौपदी मुर्मू यांनाच पाठिंबा दिला. महाराष्ट्रातून मुर्मूंना १८१ आमदारांची मते मिळाली, यशवंत सिन्हांना ९८. देशभरात मुर्मूंची बेरीज ६,७६,८०३ झाली आणि सिन्हांची ३,८०,१७७. जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५,२८,४९१ लागत होती. पहिल्या पसंतीतच काम झाले, दुसरी पसंती कोणी पाहिलीही नाही.

मग पसंतीक्रम लिहून घेतात तरी कशाला? ते समजायला १९६९ सालात जावे लागते, कारण आजवर फक्त त्याच एका निवडणुकीत दुसऱ्या पसंतीची मते मोजण्याची वेळ आली. आणि त्या मोजणीच्या मध्यभागी एक मराठी माणूस होता, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. आयसीएसच्या परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंच्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला देण्यास केंद्राने नकार दिला म्हणून १९५६मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, ही गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या पिढीला तोंडपाठ होती.

मे १९६९मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. काँग्रेसच्या ज्येष्ठांनी नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवार केले. इंदिरा गांधींना ते नको होते. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने देशमुखांना पुढे केले. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी या दोन पक्षांशी बोलणी करून त्यांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी अशी तजवीज केली. आणि नेमके तेच निमित्त करून इंदिरा गांधींनी आपल्या आमदार-खासदारांना सदसद्विवेकाने मत द्या असे आवाहन केले. पक्षाच्या पंतप्रधानानेच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मत द्यायची वाट मोकळी केली. व्हीप नसलेली, गुप्त मतदानाची निवडणूक नसती, तर हे घडणे अवघड होते.

२० ऑगस्टला मोजणी झाली. वैध मतांचे मूल्य ८,३६,३३७, म्हणून विजयासाठी हवी होती ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९. गिरी पुढे होते, पण १६,६५४ने कमी पडले. उमेदवार पंधरा होते. काहींच्या नावावर एकही मत नव्हते. मग तळापासून एकेकाला बाद करायचे, त्याच्या मतपत्रिकांवर पुढची पसंती कोणाची आहे ते पाहायचे आणि त्या मतपत्रिका त्याच्या गठ्ठ्यात टाकायच्या. मत वाया जात नाही, ते पुढच्या घरी जाते. असे करत सगळे गळाले आणि तिसरे उरलेले देशमुखही बाद झाले.

आता हिशेब पाहा. या सगळ्या फेऱ्यांत रेड्डींना ९१,८७९ मते नव्याने मिळाली आणि गिरींना अवघी १८,५६२. दर सहा मतांमागे पाच रेड्डींकडे गेली. निजलिंगप्पांची तजवीज फळली होती. पण गिरींना गरज होती साडेसोळा हजारांची. ते ४,२०,०७७वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७वर थांबले. विजयाच्या आकड्याच्या वर गिरींकडे फक्त १,९०८ मते होती. आणखी दहा हजारांवर मूल्याची मते कोणाच्याच पदरात पडली नाहीत, कारण त्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी कोणासाठीही पसंती लिहिलेली नव्हती. त्या वर्षाअखेर काँग्रेस दुभंगली. रेड्डींचा योग मात्र चुकला नव्हता. १९७७मध्ये ते राष्ट्रपती झाले, तेही बिनविरोध.

पंधरा उमेदवारांची गर्दी पुढे कायद्याने आवरली. आज अर्ज भरायला पन्नास मतदार सूचक म्हणून, पन्नास अनुमोदक म्हणून आणि पंधरा हजार रुपये अनामत लागते. रक्कम किरकोळ आहे. शंभर आमदार-खासदारांच्या सह्या मिळवणे हे खरे कुंपण.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा लोकांनाच थेट मत का देऊ दिले नाही, हा प्रश्न घटना समितीतही आला होता. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा थेट निवडणुकीच्या बाजूने चिकाटीने बोलत राहिले. नेहरूंचे म्हणणे असे, की सगळ्या प्रौढ मतदारांकडून माणूस निवडून घ्यायचा आणि त्याला खरे अधिकार द्यायचे नाहीत, हे विसंगत होईल. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८मध्ये मसुदा मांडताना सांगितले, की आपल्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे, अमेरिकेच्या अध्यक्षासारखे नाही. कोट्यवधी मते मिळवून आलेला राष्ट्रपती पंतप्रधानाला जुमानणार नाही आणि एका म्यानात दोन तलवारी होतील, हे त्यामागचे व्यवहारी शहाणपण. शहा हरले. पण १९५२मध्ये राष्ट्रपतिपदाची पहिली निवडणूक झाली तेव्हा राजेंद्रप्रसादांसमोर उभे कोण राहिले? हेच के. टी. शहा. त्यांना न पटलेल्या पद्धतीने त्यांना ९२,८२७ मते मिळाली, राजेंद्रबाबूंना ५,०७,४००.

अमेरिकेतही अध्यक्ष थेट निवडला जात नाही, पण तिथली तऱ्हा वेगळी. लोक आपापल्या राज्यात मत देतात आणि बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी. म्हणून २०१६मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात अठ्ठावीस लाखांहून जास्त मते अधिक मिळूनही अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प झाले. भारतात राज्याचा गठ्ठा असा एकगठ्ठा जात नाही. महाराष्ट्राचे १८१ इकडे, ९८ तिकडे, जसे पडले तसे मोजले जातात.

चाकणला जवळची वाटावी अशी पद्धत जर्मनीची. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ २००९पासून चाकणला गाड्या बनवतात, तेव्हा तिथल्या अभियंत्यांपैकी कोणी विचारले तर सांगायला हरकत नाही, की जर्मनीचा राष्ट्रपतीही आपल्यासारखाच मुख्यत्वे मानाचा असतो आणि अप्रत्यक्षच निवडला जातो. तिथे संसदेचे सगळे सदस्य आणि तितकेच राज्यांनी पाठवलेले प्रतिनिधी एकत्र बसतात. मतांच्या किमतीचा भागाकार नाही, एका माणसाला एक मत. गंमत अशी की राज्याची विधानसभा कोणालाही प्रतिनिधी म्हणून पाठवू शकते. २०१७मध्ये फुटबॉल संघाचे प्रशिक्षक योआखिम लोव तसे मत द्यायला गेले होते, तर २०२२मध्ये करोनाच्या काळात घराघरात पोचलेले विषाणुतज्ज्ञ क्रिस्तियान ड्रोस्टन. महाराष्ट्रात हा नियम असता, तर भोसरीच्या तालमीतला एखादा वस्ताद जांभळ्या शाईचे पेन हातात घेऊन रांगेत दिसला असता. पहिल्या दोन फेऱ्यांत कोणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत, तर तिसऱ्या फेरीत ज्याला जास्त तो राष्ट्रपती. भारतात त्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागत नाही. आमदाराने पहिल्याच कागदावर आपली दुसरी-तिसरी पसंती लिहून ठेवलेली असते.

द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७मध्ये संपते. नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरला आहे, म्हणजे दोन्हींत पाच महिन्यांचेही अंतर नाही. घटना सांगते, २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१चेच धरायचे. तोवर ते प्रसिद्ध झाले नाहीत, तर पिंपरी, चिंचवड, भोसरी, खेड-आळंदी आणि मावळच्या आमदारांना पुढच्या गुलाबी मतपत्रिका मिळतील तेव्हाही प्रत्येक मताची किंमत १७५च असेल.